तिसऱ्या पेटीची स्प्रिंग

—ती नोका धरू, वैनी. ती तिसरी पेटी हाय, तिले झाकलेली राहू द्या. इकडं या, या पहिलीवर शिका. ही दांडी पाहा—अशी दोन बोटात धराची, हळूच मांगं ओढाची, अन् सोडून द्याची. बस, इतकंच. गोळी वर जाते, मंग खिळ्याइवर आपटत आपटत खाली येते, ज्या भोकात पडन त्याचा नंबर आपला. आता शिकवाचं काय हाय त्यात, लेकरं बी न शिकवता खेळतेत—पन शैलाबाईची चिठ्ठी आली, का उद्या मेळ्यात पहिली गोळी रंभाबाईच्या, म्हनजे तुमच्याच, हातानं सुटन, तिचा एकदा हात बसवून दे. शैलाबाई पडली साहेबाच्या घरची, तिले कोन नाई म्हनन? मेळा आपल्या गेलेल्या केवलरामच्या नावाचा, मदत केवलरामच्या घराले, तं केवलरामची बायको समोर पाह्यजे, फोटो पाह्यजे. तुमाले जावंसं नसन वाटत तं सांगा मले, मी कळवून देतो का वैनीले ताप हाय. नाई? जासान? बरं. बसा न. चहा मांडतो. अंजना घरी नाई, माहेरी गेली, महिना होते आता—मीच मांडतो. नोको? बरं.

मांगच्या दिवाळीत चीनशी लढाई लागली न, तवा जवानाइच्या फंडासाठी साहेबाइच्या क्लबात पहिला मेळा झाला, तवाच्या या पेट्या. शैलाबाईनं एका रशियन साहेबाच्या घरी त्याच्या पोरीचं खेळनं पाह्यलं होतं—पिनबॉल म्हनते त्याले—अन् मले बोलावून म्हने, सुखराम, तू फिटर मानूस, तुया हातात कला हाय, अशा मोठ्या तीन मशिनी बनवून दे. कोनी असं म्हनलं का मानूस फुगते. मी फुगलो. कारखान्यासाठी रशियाहून सामान येते त्या खोक्याइचं लाकूड हाय हे, पाहा, रंगाखालून त्याइचे अक्षरं अजून दिसतेत. गोळ्या जुन्या बेअरिंगच्या. घंट्या सुपेल्याच्या सायकलवाल्याकडून आनल्या. अन् खिळे सगळे केवलरामनं ठोकले, याच खोलीत, तुमी बसल्या न, तिथंच बसून. एक खिळा ठोके, गोळी सोडून पाहे, हासे, मंग दुसरा ठोके. तुमाले वाटे तो ओव्हरटाइम करून राह्यला. मालूम होतं? त्यानं सांगतलं होतं? हो—तो सांगनच तुमाले, तुमच्यापासून काय लपवे तो. आनखी काय काय सांगतलं त्यानं? नाई, सहज इचारलं.

नेतांना तिन्ही ठेल्यावर नेल्या. इथून क्लबापर्यंत, अन् रस्ता कसा तं ट्रकाइनं खोदून ठेवलेला. मी समोरून ओढे, केवलराम मांगून लोटे, एक हात ठेल्याले अन् दुसरा हात तिसऱ्या पेटीवर. सारा रस्ताभर. मी म्हनलं, राहू दे बाप्पा, पडत नाई ते. तं म्हने, पडू नये म्हनून नाई धरलं, सुखराम, हिच्यातलं सामान आपल्याले वापस नेऊन लावाचं हाय. मले तवा वाटलं मजाक करून राह्यला. नाई—मजाक नवती वाटली. समजलं होतं मले. अन् मेळ्यात गर्दी पाहाची होती तुमी. पहिल्या दोन पेट्याइवर चार-चार लोकं, अन् तिसरीवर रांग, थेट फाटकापर्यंत, साहेब, साइटवर गर्डर चढवनारे खलाशी, पंजाबी, बंगाली, सगळे एका रांगेत. तिची गोळी सुटे तं अशी सुटे का वरची घंटा वाजवूनच खाली ये. शैलाबाई म्हने, सुखराम, या पेट्या अजून एक इतवार राहू दे इथं. मी म्हनलं, राहू द्या बाईसाहेब. नाई म्हनता आलं असतं मले. पन म्हनलो नाई.

तिच्याकडं कावून पाहून राहिल्या सारख्या? काई नाई तिच्यात. चादर याच्यासाठी टाकली का... आता तुमाले काय सांगू. पेट्या क्लबातून वापस घरी आल्या तवापासून हे हाय. पहिल्या पाळीवरून येतो, जेवतो, जरा आंग टाकतो, भर दुपारी, बाहेर लख्ख ऊन—अन् खट. दांडी सुटल्याचा आवाज. मंग गोळी. खिळ्याइवरून खाली येते, एक, दोन, तीन, अन् मंग चूप. उठून पाहो तं दांडी जागच्या जागी. मी म्हनलं लाकूड हाय, उन्हानं तडकत असन. मंग साऱ्या गोळ्या काढून डब्यात भरल्या, तो डबा त्या फळीवर हाय, पाहा. तरी बी आवाज. पहिले अंजना म्हने तुमाले भास होते. मंग एका दुपारी तिनं बी ऐकलं, हातातली परात तिथंच ठेवली अन् म्हने, या घरात ते ठेवा नाईतं मले. मी पेटी दोनदा उचलून नाल्यापर्यंत नेली. फेकता नाई आली. नाल्याच्या काठावर ठेवून मी त्याच्याशी बोललो, खोटं नाई सांगत, म्हनलं केवलराम, तू सांग काय करू. अन् घेऊन आलो वापस. म्हनून म्हनतो, उद्या ट्रक येईन तं या दोनच जातीन. तिसरी बिघडली म्हनून सांगीन मी. तुमचा हात त्या दांडीले लागू नाई देनार. दुसऱ्या कोनाचाबी लागो, तुमचा नोको.

काय म्हनलं तुमी? परत म्हना. 'सुखरामनं स्प्रिंग आनली नाई अजून'—असं म्हने तो? कवा म्हने? तो गेला त्याच दिवशी? सकाळी जेवनाचा डबा घेतांना. अन् तुमी तवापासून... चार महिने झाले, वैनी. चार महिने तुमी हे पोटात ठेवलं, अन् आज शिकाच्या निमतानं इचारासाठी आल्या. म्हनूनच आल्यापासून तिसरीकडं पाहून राहिल्या.

सांगतो. बसा. तुमी खलाश्याची बायको, विंच तुमाले मालूम हाय. दोन बाजूनं दोन गडी हँडल फिरवतेत, दोरी गुंडाळत जाते, गर्डर वर चढते. त्याच्या दातेरी चाकात एक लोखंडाचा आकडा पडत जाते, त्याले आमी कुत्ता म्हनतो. गडी दम घ्याले थांबले का कुत्ता दातात बसते अन् वजन वापस खाली येत नाई. अन् त्या कुत्त्याले दाबून ठेवते एक स्प्रिंग. एवढी, करंगळीएवढी. मायी तिसरी पेटी तयार झाली अन् तिची गोळी अर्ध्यातच थांबे. मेळा दुसऱ्या दिवशी. विंच तवा दुरुस्तीले माया पुढ्यातच होता. मी ती स्प्रिंग काढली, पेटीत बसवली, अन् विंच वापस साइटवर धाडून देला. मनात म्हनलं, कुत्ता आपल्या वजनानं बी पडते, सगळे फिटर म्हनतेत असं—पडते बी, वैनी, शंभरातून नव्व्यान्नव बार पडते. दोन दिवसाचा सवाल होता. केवलरामनं गोळी सोडून पाह्यली अन् लगेच ओळखली. म्हने, हे विंचची हाय. मी म्हनलं, सोमवारी लावतो. सोमवारी म्हनलो उद्या. मंगळवारी म्हनलो येत्या इतवारी बी मेळा हाय, तो झाला का लगेच, बाईसाहेबाले जबान देली हाय. तो चिडला नाई. म्हने, ठीक हाय, तोपर्यंत नव्या पोट्ट्याइले त्या हँडलवर नाई लावाचं, मी धरतो. जोडीले फकिरा. म्हने, मले मालूम हाय कुत्ता कमजोर हाय, मी पाहून घेईन.

बुधवारी ते दम घ्याले थांबले, अन् कुत्ता बसला नाई. फकिरानं सांगतलं मले, दारू पिऊन रडत सांगतलं—हँडल उलटं फिरलं तसा त्यानं सोडलं अन् उडी मारली. कोनीबी सोडते. शिकवतेत बी तसंच, का हँडल सुटलं तं पहिले दूर व्हाचं. खाली गर्डरच्या पोटात चार गडी बोल्ट लावून राहिले होते. केवलराम एकटा धरून राह्यला. ओरडला, निघा रे, निघा. चारी निघाले. मंग त्याच्या हातातून नाई सुटलं, वैनी, ते त्याले घेऊन फिरलं. ठेकेदाराच्या चौकशीत लिवलं, गड्याच्या हातून निष्काळजीपनानं हँडल सुटलं. तुमच्या सासऱ्याले बी तेच वाचून दाखवलं, मी तिथं उभा होतो, दाराशी. तुमी पान्याचा गिलास देला मले.

फकिरा कावून नाई बोलला म्हनता? त्यानं सोडलं होतं न, तो काय बोलन. अन् विंच पाह्यला न चौकशीवाल्याइनं, कुत्त्याले स्प्रिंग होती म्हने. होती. सगळे केवलरामले घेऊन दवाखान्याकडं धावले, मी नाई धावलो. मी स्टोअरमधी गेलो. चिठ्ठी लिवली, नवी स्प्रिंग घेतली, अन् विंचले लावून देली. दहा मिनिटं लागले. चार दिवस मी त्याले उद्या-उद्या म्हनलो, अन् लागले किती तं दहा मिनिटं. तोपर्यंत तो जित्ता होता, मंग सांगतलं कोनीतरी. मायं नाव घेतलं म्हने त्यानं एकदा. कावून घेतलं असन?

उठल्या? तिकडं नोका जाऊ. चादर नोका काढू, वैनी, मी हात जोडतो. तिची दांडी जड हाय—ओढली. बरं, ओढली तं सोडा आता. गोळी नाई तिच्यात, तरी सोडा. अशी ताणून नोका ठेवू, बोटं फाटतीन. नखं पांढरे पडले तुमचे. मले काय पाहून राहिल्या? चौकशी झाली, कागद बंद झाला, आता तोंड उघडलं तं मायी नोकरी जाईन, जेल होईन, अन् त्यानं तो काय वापस येनार हाय? तुमाले मदत तं भेटूनच राह्यली—नाई, ते नवतं म्हनाचं मले. चुकलो. आनखी मांगं नोका ओढू. म्हनतो. उद्या क्लबात, सगळ्याइसमोर, त्या ठेकेदारासमोर, तुमच्या सासऱ्यासमोर म्हनतो, का केवलरामनं हँडल सोडलं नवतं. स्प्रिंग मी काढली होती. म्हनतो मी, मायीची आन. आता तं सोडा. वैनी. सोडा न, वैनी.