मूठ हातात कशी वाटते

...आणि वर मलाच विचारतो, "बाई, कसं वाटतंय हातात?" आता तुम्हीच सांगा, काय सांगायचं असतं याला? लाकडाचा तुकडा आहे, हातात धरलाय, लाकडाचा तुकडा हातात धरल्यासारखं वाटतंय. मी म्हटलं, ठीक आहे. तर दुकानदाराने ती मूठ बाजूला ठेवली नि दुसरी काढली. ही अक्रोडाची, हलकी आहे, कशी वाटते? ठीक आहे. ही शिसवी, जरा जड, गोळी सुटल्यावर रिव्हॉल्व्हर उसळी कमी मारतं... कशी वाटते? म्हटलं, ठीक आहे.

थांबा, नीट सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल ही बाई तिथे बसून काय करत होती. मी चष्म्याच्या दुकानात नंबर तपासते. आणि सुट्टीच्या दिवशी क्लबात जाऊन रिव्हॉल्व्हर चालवते... कागदावर हो, कागदावर, सगळे आधी तेच विचारतात. हा नाद मला लावला आमच्या ह्यांनी. ह्यांना स्वतःला चष्म्याशिवाय दार दिसायचं नाही, म्हणून बायकोला उभं करून आपण मागे खुर्ची टाकून बसायचे. बाजारातल्या मुठी पुरुषांच्या पंजाच्या, माझं बोट चापापर्यंत पोचायचंच नाही. मग ह्यांनी काय करावं, तर स्वयंपाकघरातल्या टेबलावर पॉलिश पेपर घेऊन बसायचं, थोडं घासायचं, "धर, कसं वाटतंय?" टोचतंय. परत घासायचं. अंगठ्याखाली रुततंय. परत घासायचं. साखरेच्या डब्यात भुसा, चहात भुसा, मी ओरडायची, पण मूठ अशी झाली होती म्हणून सांगू... जाऊ दे.

तर हे गेले. हिवाळ्यात, दुपारी जरा पडतो म्हणाले आणि उठलेच नाहीत. मी काही रडलेबिडले नाही. लोक म्हणाले, धीराची आहे. धीराची कसली, काही वाटतच नव्हतं. दात काढायच्या आधी इंजेक्शन देतात ना, मग गाल आपलाच असतो पण शेजाऱ्याचा असल्यासारखा लोंबतो... तसं, पण सगळ्या अंगाला. येणारा प्रत्येक जण हात हातात घेऊन विचारायचा, "कसं वाटतंय आता?" ठीक आहे. दुसरं काय सांगणार?

मग एक दिवस थोरल्या जाऊबाई आल्या कपाट आवरायला. ह्यांचे स्वेटर खाली ओढायला गेल्या आणि वरून पेटी आली फरशीवर. रिव्हॉल्व्हर रिकामं होतं, त्याला काही झालं नाही, पण मूठ मधोमध फुटली. जाऊबाई मटकन खालीच बसल्या. "अगं, भाऊजींच्या हातची होती ती... तू बोल मला, वाट्टेल ते बोल." मी म्हटलं, असू दे. तुकडे उचलले, केराच्या डब्यात टाकले आणि त्यांना पाणी आणून दिलं. त्या माझ्याकडे अशा बघत होत्या, जसं काही मीच गेलेय.

त्यात शिट्टींचा फोन. शिट्टी म्हणजे आमच्या क्लबाचे सेक्रेटरी, नवीन कवळी बसवल्यापासून 'स'चा 'श' होतो आणि 'श' म्हटला की शिट्टी वाजते. "शनिवारी श्पर्धा आहे, बाई. शंघात आपण तिघंच. तुम्ही नाही आलात तर शंघच नाही." हो म्हटलं. नाही म्हणायला सुद्धा काहीतरी वाटावं लागतं.

म्हणून ते दुकान. जाऊबाई सोबत, चूक त्यांची म्हणून मूठ घेऊन देणार त्याच. दुकानदार भला माणूस, समजावून सांगत होता, "बाई, उत्तम मूठ कुठली? जी हातात आहे हे कळतच नाही, ती." म्हणजे बघा, माझ्या हिशेबाने दुकानातली प्रत्येक मूठ उत्तम! रोज मी गिऱ्हाइकांना विचारते, "हे बरं दिसतंय की हे?" आणि कुणी "दोन्ही सारखंच" म्हणालं की मनात म्हणते, अरे, डोळे आहेत की शर्टाची बटणं? त्या दिवशी बटणं मलाच होती. शेवटी जाऊबाईंनीच एक उचलली, चौकडीची बारीक नक्षी कोरलेली. दुकानदार म्हणाला, "पकड चांगली येते, पण नवी आहे तोवर हाताला घासते." जाऊबाई म्हणाल्या, "रंग किती छान आहे, आमच्या कपाटाला अगदी हाच आहे." आता कपाटाचा काय संबंध? मला विचारलं, कसं वाटतंय? ठीक आहे.

आणि खरं सांगू, शनिवारी मी धरले तसे नेम जन्मात धरले नव्हते. छातीत धडधड नाही, हाताला कंप नाही, गोळी मारतेय की शिक्का, काही फरक नाही. शिट्टी मागून "शाब्बाश, शाब्बाश" करताहेत, नुसत्या शिट्ट्याच शिट्ट्या. शेवटची फेरी उरली आणि गुण मोजणारा गृहस्थ जवळ येऊन हळूच म्हणाला, "बाई, रक्त येतंय." बघते तर अंगठा आणि बोटाच्या मधलं कातडं सोलून निघालेलं, मूठ लाल, मनगटापर्यंत ओघळ. "दुखत नाही का हो?" मी म्हणणारच होते, ठीक आहे... तेवढ्यात त्याने बाटली काढून औषध ओतलं.

काय झोंबलं म्हणता. मी त्याला बोलले. शिट्टींना बोलले, त्यांच्या कवळीला बोलले. मग सोबत आलेल्या जाऊबाईंकडे वळले, "कपाटाचा रंग बघून मूठ घेतात का कुणी? आणि त्यांची मूठ फोडलीत तुम्ही, माझ्या नवऱ्याची मूठ..." तिथेच, क्लबातल्या त्या टेबलाला धरून, हिवाळ्यापासूनचं सगळं रडू आलं. जाऊबाई मला कवटाळून रडताहेत आणि लोकांना सांगताहेत, "बोलली, बाई, मला बोलली एकदाची." शेवटची फेरी राहिली ती राहिलीच. संघ बाद. शिट्टी अजून माझ्याशी बोलत नाहीत, म्हणजे शांतता आहे.

मूठ परत करायला गेले तर दुकानदार म्हणाला, रक्त लागलेला माल घेत नाही. बरोबरच आहे. म्हटलं, मग दुसरी दाखवा. तेव्हापासून जातेय, दर आठवड्याला जातेय. ही टोचते, ती रुतते, तिसरीचा अंगठा उंच, चौथी घामाने सरकते, पाचवी चांगली होती पण करंगळी अधांतरी राहते... सगळं कळतं हो आता, लाकडाची शीर न् शीर कळते.

आणि दुकानदाराने विचारणंच सोडलंय. मी दिसले की ट्रे काढून काउंटरवर ठेवतो आणि आत जाऊन चहा पितो.