दहापैकी किती?

(उमरग्याला जाणारी जीप फाट्यावर सीटा भरायची वाट बघत उभी. स्टिअरिंगवर चाँदपाशा, त्याच्या शेजारी बलभीम अण्णा. खिडकीशी हातात अर्ज घेऊन दगडाबाई, अण्णांच्या धाकट्या भावाची बायको.)

बलभीम : कुणाला सांगितलं तर खोटं वाटंल, चाँदपाशा, पण साऱ्या जगाची यादी ह्या बलभीमानं एका बोटानं हलवली. एकशेनव्वद देश! रेशनच्या रांगंवानी उभे केल्याले. ज्याचा कारभार चांगला त्यो म्होरं, वंगाळ त्यो मागं. आपला देश मधी कुठंतरी अंग चोरून उभा. म्या नुसतं बोट लावलं, गेला की चाळीस घरं मागं!

चाँदपाशा : हौ, अण्णा. आज चहात काय टाकून पिला?

दगडाबाई : अण्णा, आदी सही करा. पाशाभाई, जरा थांबा.

चाँदपाशा : थांबतो की. अजून दोन सीटा भरायच्या हैत.

बलभीम : सही कुठं पळून जाती? ऐक तर. ती सर्व्हेवाली पोरगी आली नव्हती का, गायत्री, टॅब घेऊन? तिनं इच्यारलं, 'आजोबा, सरकारी दवाखान्याची सेवा कशी मिळते? शून्य ते दहात सांगा.' हाच सवाल म्हणं डेन्मार्कच्या म्हाताऱ्याला, हाच केनियाच्या म्हाताऱ्याला. मग समद्यांचे आकडे शेजारी शेजारी मांडायचे आन ठरवायचं, कुणाचं राज्य बरं.

चाँदपाशा : त्या डेन्मार्कच्या म्हाताऱ्याच्या दवाखान्यालाबी कुलूप हाय का?

बलभीम : त्याच्या दवाखान्याला दारच न्हाय, कुलूप लावणार कशाला! तिथला मंत्री रोज सकाळी घरी येऊन इच्यारतो, रातच्याला खोकला किती येळा आला. तीनाच्या वर सांगितला की मंत्र्याचा पगार कापत्यात.

दगडाबाई : आपल्या उपकेंद्राला दार हाय, दाराला कुलूप हाय, आन कुलपावर गांधीलमाश्यांनी घर केलंय. आठ म्हैने झाले सिस्टरची बदली होऊन. दुसरी आली न्हाय. अर्पिताच्या बाळंतपणाला पंधरा दिवस राह्यले, अण्णा. तुमच्या घरची सून हाय ती. सही करा.

बलभीम : म्हणून तर शून्य दिला! म्हणलं, लिव्ह पोरी, शून्य, आन खाली दोन रेघा मार. टॅब असा तापला म्हणतीस, तिला वढणीत धरावा लागला. दुसऱ्या दिशी थेट डेन्मार्कातनं यादीवाल्याचा फोन. 'बलभीमराव, येवढं कडक नका होऊ. निदान दोन तरी द्या.' म्हणलं, जमायचं न्हाय.

चाँदपाशा : मराठीत बोलला?

बलभीम : चांगल्या मराठीत! त्याची सासुरवाडी उदगीरची.

चाँदपाशा : येरवी हसलो असतो, अण्णा. आज हसू न्हाई येत. आपल्या गावच्या इरम्माची लेक ह्या मागच्याच सीटावर मोकळी झाली, येणेगूरच्या म्होरं. मी हॉर्न दाबून धरला, दाबूनच धरला. बाळ रडलंच न्हाई. उमरग्यात डॉक्टर म्हणले, आर्धा तास आदी कुणी बघायला पाहिजे हुतं. सीटाचं कव्हर बदललं म्या. तरी तिथं पाशिंजर बसला की आरशात बघवत न्हाई. तुमचा शून्य कुठं गेला मग?

दगडाबाई : म्याबी तेच इच्यारते. मंगळवारी तालुक्याला आरोग्याच्या साहेबाकडं गेले. कुलूप म्हणताच साहेब हसला. 'बाई, बाहेरच्या संस्थेनं मागच्या म्हैन्यात तुमच्या गावात इच्यारलंय. गाव म्हणतंय, दवाखाना झकास, दहापैकी दहा. तुमच्या ग्रामसेवकाच्या म्होरं झालंय. आता म्हैन्याभरात आठ म्हैन्याचं कुलूप कुठनं आलं?' पाणीबी न पिता मागं आले.

बलभीम : हरामखोर! खुर्चीत बसून आकडा दाखवतो? आठ कोसावरचं कुलूप येऊन बघवत न्हाय? चल, म्याच येतो. त्याच्या टेबलावर त्या गांधीलमाश्या सोडतो. मग म्हणतो, दे आता दहापैकी!

दगडाबाई : तुमी येऊ नका. सही द्या.

बलभीम : वाच काय लिव्हलंय.

दगडाबाई : अर्पितानं लिव्हलंय. 'सर्व्हेच्या दिवशी आम्ही दहा सांगितले ते खरे नव्हते. आमच्या गावचे उपकेंद्र आठ महिन्यांपासून बंद आहे. सिस्टर तातडीने द्यावी.' खाली तुमचं नाव. मग घरोघर फिरते. तुमची सही असल्याबिगर कुणी पेन धरायचं न्हाय.

बलभीम : पहिली वळ काढ. सिस्टर मागायची तर सिस्टर माग. गाव खोटं बोललं, हे आपल्या हातानं कशाला लिव्हायचं?

दगडाबाई : काढली तर साहेब परत त्याच दहावर बोट ठिवंल.

बलभीम : मग असं लिव्ह की आकडा वाटंत बिघडला. खरंच बिघडला! हितनं शून्य निघाला, निर्मळ शून्य. वर सॅटेलाइटात गेला. तिथं साऱ्या देशांच्या आकड्यांची ही दाटी, बाजाराच्या दिशी यष्टीत व्हती तशी. कुण्या गोऱ्या देशाचा एक, बिचारा एकटाच दांडीला धरून उभा. ब्रेक लागला, आन त्यो येऊन आमच्या शून्याला चिकटला. खाली उतरस्तवर झाले दहा!

चाँदपाशा : या अल्ला.

बलभीम : आन त्या यादीवाल्यास्नी म्या इच्यारतो, आरं, कुलपं मोजा की! सिस्टर किती ते मोजा! माणसाला इच्यारून राज्य कळतं व्हय? माणूस दारात आलेल्याला कायबी सांगतो.

दगडाबाई : काय सांगतो?

बलभीम : आं? न्हाय, म्हंजी… लोकं सांगत्यात. दुसरी लोकं. म्या शून्यच दिला. मारुतीच्या देवळात उभा ऱ्हाऊन सांगंन.

चाँदपाशा : सीटा भरल्या. निघू का?

दगडाबाई : थांबा, पाशाभाई. अण्णा, तुमी खोटं बोलताय. म्या चहा घेऊन आले तवा तुमी त्या पोरीला म्हणत हुता, 'येवढ्या उन्हाची आलीस लेकी. आमच्या दारातनं कुणी कमी घेऊन गेलं न्हाय. लिव्ह, दहा.' ग्रामसेवक मान हलवत हुता. मग तिनं मला इच्यारलं. थोरल्या दिरापुढं कसं बोलायचं? म्याबी दहाच म्हणले.