मुठीतला तिरका चर

...नाही, नाही, आधी विकायला काढू नका, तिथेच सगळे फसतात. आधी हक्काच्या नोंदणीचा अर्ज, मग दुकान. बसा ना, तो स्टूल घ्या — त्यावर लोखंडाचा कीस असेल, जरा झटका. तर काय सांगत होतो — चारी बाजूंनी चित्रं काढायची. वरून, खालून, उघडलेली, मिटलेली. तुमची घडीची खुर्ची आहे, म्हणजे तो खटका वेगळा दाखवायचा, मोठा करून. आणि कोणी कितीही गोड बोललं तरी 'जरा बघायला' म्हणून न्यायला द्यायची नाही. मी दिल्या होत्या ना सहा सुऱ्या, एका मोठ्या दुकानाच्या मालकाला. काय कौतुक करायचा माझं. आणि चार महिन्यांनी जाऊन बघतो तर त्याच्या काचेच्या कपाटात ओळीनं माझीच सुरी. पातं पत्र्याचं, मूठ प्लास्टिकची, पण आकार माझा, जसाच्या तसा. माझं तर डोकंच फिरलं. तक्रार केली, दीड वर्ष खेटे घातले, शेवटी जिंकलो. त्याला सगळा माल मागे घ्यावा लागला. तेव्हापासून कोणाच्या हातून काही नवीन घडलं की लोक त्याला माझ्याकडे पाठवतात — त्या सुरीवाल्याला विचारा, त्याला सगळं ठाऊक आहे. तुम्हालाही कोणीतरी पाठवलं असणार. सुतारानं? वाटलंच.

ही बघा ती. घ्या हातात, चावत नाही. पातं मी ठोकलेलं आहे, त्यात खोट नाही — भट्टी माझी, पोलादाला पाणी मी दिलंय, धार मी लावलीय. वीस वर्षं तेच करतोय. आता मुठीच्या बाजूला अंगठ्यानं चाचपून बघा — लागला? तो तिरका चर. त्यात अंगठ्याजवळचं बोट सरळ ठेवायचं. हो, सुरुवातीला विचित्र वाटतं, सगळ्यांनाच वाटतं, कारण आपलं बोट वळतं ना. ज्याचं वळत नाही त्याला विचारा — म्हणजे, दहा मिनिटं चिरलंत की कळतं. मनगट दुखत नाही. जोर खांद्यातून येतो. हे सगळं मी आता असं घडाघडा सांगतो, पण त्या दिवशी सुनावणीत साहेबांनी हेच विचारलं तेव्हा — असो. तुमच्या अर्जाचं बोलू.

अर्जात नाव, पत्ता, वस्तूचं वर्णन, सोपं आहे सगळं. मग एक रकाना येतो, रचना कोणी केली. तिथे लोक पटकन आपलं नाव लिहून मोकळे होतात. मीही झालो. काय आहे, कारखाना माझा, पाटीवर नाव माझं, अर्ज मी आणलेला. ताई तेव्हा तिथेच बसली होती, तुम्ही बसलात तिथेच, सुऱ्या कागदात गुंडाळत. मी मान वर न करता म्हटलं, नाव माझंच टाकतोय गं, घरातच आहे, तुझं काय आणि माझं काय. ती म्हणाली, टाक. झालं. एवढंच. आता तुम्ही म्हणाल यात ताई कुठून आली.

कुठून म्हणजे — ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. मोठ्या भोजनगृहाच्या स्वयंपाकघरात कामाला होती, दिवसभर चिरणं, पोतीच्या पोती. एकदा सुरी सटकली आणि उजव्या हाताच्या या बोटाची शीर तुटली. टाके पडले, जखम भरली, पण बोट सरळच राहिलं, काठीसारखं. काम सोडायचं कसं? मुठीला चिंध्या गुंडाळून चिरायची. मी इतक्या सुऱ्या करणारा भाऊ — मला कधी सुचलं नाही हो. खरं सांगतो, चिंध्या दिसायच्या, पण मी बघत नव्हतो. एक दिवस कामावरून सुटून ती इथे आली, त्या कोपऱ्यातला लाकडाचा तुकडा उचलला, माझी कानस घेतली आणि घासत बसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मी थट्टा करायचो, काय ताई, माझ्या पोटावर पाय देतेस का. ती हसायची, मुठीत धरून बघायची, पुन्हा घासायची. अकरा दिवस. तीन तुकडे वाया गेले. चौथा माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, याला पातं बसवून दे. दिलं बसवून. माझं काम तेवढंच — पातं बसवणं.

तिच्या स्वयंपाकघरातल्या आचाऱ्यानं ती बघितली, त्याला हवी झाली. मग दुसऱ्याला, मग वीस जणांना, मग बाहेरगावाहून लोक यायला लागले. एक पत्रकार आला, फोटो काढले, विचारलं, ही कल्पना तुम्हाला सुचली कशी? ताई आत होती, दार उघडं होतं, तिला ऐकू जात होतं. मी थांबलो जरा. मला वाटलं, ती बोलेल. खरंच वाटलं. ती बोलली नाही आणि मी म्हटलं, अनुभवातून सुचलं. खोटं कुठे होतं त्यात, सांगा — कोणाच्या अनुभवातून ते मी बोललोच नाही. अशी स्वतःची समजूत घालायला मी फार हुशार आहे. छापून आलं तेव्हा ते कात्रण तिनंच कापून आणलं आणि त्या खिळ्याला लावलं.

तर ती सुनावणी. लांबलचक टेबल, पलीकडे निकाल देणारे साहेब, एका बाजूला तो दुकानदार आणि त्याचा वकील, एका बाजूला मी. ताई मागच्या बाकावर, मला सोबत म्हणून आलेली. वकील म्हणाला, अशा वळणाच्या मुठी पन्नास मिळतील, यात नवीन ते काय. साहेबांनी सुरी हातात घेतली, उलटसुलट केली आणि मला शांतपणे विचारलं, हा चर तिरका का आहे? सरळ का नाही? माझ्या डोक्यात काहीच नव्हतं. शेकडो मुठी कापल्या त्या चराच्या, तिच्या तुकड्यावरून माप घेऊन, पण तो तिरका का हे मी कधी विचारलंच नव्हतं. म्हटलं, दिसायला बरा दिसतो साहेब. वकील हसला. त्यानं लगेच लिहून घ्यायला सांगितलं — केवळ दिसण्यासाठी, उपयोग काही नाही. मी हरलो होतो, तिथेच.

तेवढ्यात मागून ताई म्हणाली, "साहेब, मी सांगू का?" पुढे आली, सुरी घेतली, ते बोट चरात ठेवलं आणि हात साहेबांसमोर धरला. म्हणाली, वळत नाही हे बोट. ते जरा बाहेरच्या अंगाला गेलंय, म्हणून चर तिरका. सरळ केला तर सुरी फिरते. साहेबांनी विचारलं, म्हणजे ही तुमच्या हातासाठी केलेली आहे? मला वाटलं, आता सांगेल. सांगितलं असतं तर — देवाशप्पथ, सुटलो असतो मी. ती म्हणाली, "हो. माझ्या भावानं माझं बोट बघून केली."

साहेबांना गहिवरून आलं. म्हणाले, बहिणीचं दुःख इतकं बारकाईनं बघणारा भाऊ विरळाच. निकाल माझ्या बाजूनं लागला. मी मान खाली घातली, आणि सगळ्यांना वाटलं, काय नम्र माणूस आहे.

आम्ही चालत घरी निघालो. मी मनात शब्द जुळवत होतो — माफ कर म्हणावं, नाव बदलून घेऊ म्हणावं. मला वाटत होतं ती नावाचंच काढेल. तिनं नावाचं काढलंच नाही. पूल ओलांडल्यावर म्हणाली, "तिरका का आहे, हे तुला खरंच माहीत नव्हतं? अरे, अकरा दिवस तुझ्यासमोर बसले होते मी."

नाव चोरलं त्याचा जाब असता तर दिला असता. पण हे...

गेलो होतो मी नंतर, नाव बदलायला. कारकुनानं समजावलं — आता बदललंत तर सुनावणीतलं तुमचं आणि बहिणीचं म्हणणं खोटं ठरतं, निकाल उलटू शकतो, तो दुकानदार पुन्हा उभा राहील. वाटल्यास अर्ज द्या, म्हणाला, तुमची मर्जी. मी कोरा अर्ज घेऊन परत आलो. ताईला सांगितलं, कार्यालय बंद होतं. मंगळवार होता हो. भर दुपार. ती म्हणाली, असेल. त्यानंतर ती इथे आली नाही. घरी जातो मी, नाही असं नाही — चहा देते, मुलांचं विचारते, मी निघालो की दारापर्यंत येते. भांडत नाही. भांडली असती तर बरं झालं असतं.

मी का सांगतोय हे तुम्हाला? तुम्ही खुर्चीचं विचारायला आलात. द्या तो अर्ज, मी दाखवतो कसा भरायचा... एक विचारू? राग मानू नका. खटका दाखवताना तुम्ही दोनदा म्हणालात, आम्ही आधी लोखंडी बसवला होता, आम्ही मग लाकडी केला. आम्ही म्हणजे कोण?

नाही, मी सहज विचारलं.

बायको. बरं. तिला ठाऊक आहे, तुम्ही आज इथे आलात ते?

मग उठा. नाही, पेन ठेवा खाली. आज काही लिहू नका. घरी जा, तिला समोर बसवा आणि तो खटका लाकडी का केला ते तिच्या तोंडून ऐका. पूर्ण ऐका. उद्या दोघं या, मी इथेच आहे. जा आता, मला भट्टी पेटवायचीय.