टाकीच्या झाकणावरचं स्वस्तिक

मुरबाडच्या पंपावर माझी स्कूटर एका जुन्या गाडीमागे उभी होती. नवरा-बायको खाली उतरले होते, म्हातारे वडील आत पुढच्या सीटवर बसले होते.

“साधं पेट्रोल टाकू का प्रीमियम?” पंपावरच्या मुलीनं विचारलं.

“प्रीमियम टाक. माळशेज चढायचाय.”

“अवो, साधं टाका ना.”

“नम्रता, पहिल्यांदाच तुझ्या माहेराला गाडी नेतोय. घाटात खोकत नेऊ काय तिला?”

“झाली टाकी फुल, दादा. झाकणावर एवढं कुंकू कसलं?”

“कालच घेतली वाशिंदवरून. हिनं पूजा केली, स्वस्तिक काढलं.”

“ताई, जरा पुसा ते. खाली अक्षरं दिसतात.”

“थांब गो, पुसते. अवो, डिझेल लिवलंय.”

“काय लिवलंय?”

“डिझेल. मला वाटलं गाडीचं नाव असंल, म्हणून त्याच्यावरच काढलं.”

“दादा, चावीला हात लावू नका. बंद असली तर टाकी रिकामी करून भागतं. चालू केली तर इंजिनच जातं.”

“चावी माझ्याकडं नाय. आतच हाय.”

“संदेश, ये रे, बस. काल शिकवलंस तशी फिरवली मी. बघ, एका झटक्यात चालू झाली.”