तणमोराचा साफ फोटो

स्नेहा: पण वहिनी, मी पापडाचा डबा समजून उघडला. आत कॅमेरा, आणि त्याच्या भोवती पांढऱ्या पुड्यांचा ढीग. औषध आहे का ते?

चेतना: औषधच समज. नव्या बॅगीत ओल ओढून घ्यायची पुडी निघते ना, तेच. आपल्या दुकानातल्या बॅगीच्याच हाये साऱ्या. झाकन घट लाव, नाई तं तुह्या दादाचा जीव जाईन.

स्नेहा: मग पापड?

चेतना: पापडाले बुरशी आली. घट झाकनाचा एकच डबा होता घरात, तो कॅमेऱ्यानं घेतला.

स्नेहा: राखीला नाशिकहून रात्रभर गाडीत बसून आले, तर पापड नाही आणि दादाही नाही. एवढ्या सकाळी गेला कुठे? कॅमेरा तर घरीच आहे.

चेतना: धनजकडे, गोविंदसिंगच्या माळावर. कॅमेरा नेत नाई आता.

स्नेहा: का? तणमोराचा तो फोटो किती गाजला. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मीच टाकला होता.

चेतना: तू बी टाकला का? बस मंग. चहा घे, सांगते.

स्नेहा: सांग. मला तर कोणी काही कळवलंच नाही.

चेतना: गोविंदसिंग आपल्या दुकानात पेटी घ्यायले आला होता, पोरीच्या लग्नाची. बोलता बोलता बोलून गेला का आमच्या माळात एक पक्षी येते पावसाळ्यात. कोंबडीएवढा. गवतातून सरळ वर उडी मारते, अन् पुन्हा गवतात पडते. तुह्या दादानं पेटी तिथंच ठेवली. हा पक्षी लय सालापासून इकडे कोनाले दिसलाच नवता मने. गोविंदसिंगनं एकच गोष्ट सांगतली, भाऊ, तुमी या, पन गाव गोळा करू नका. माह्या जनावराईचं गवत हाये ते.

स्नेहा: आणि दादा लगेच निघाला असेल.

चेतना: दुसऱ्याच दिवशी. गाडीचा एसी फुल, कॅमेऱ्यावर धूळ बसू नये मून. भर श्रावनात धूळ! माळावर उतरले तं हवा अशी ओली का अंगाले चिकटते, अन् कॅमेरा फ्रीजातल्या लोट्यावानी थंडगार. डोळा लावायची जे काच असते, तिच्यात सारं पांढरं. रुमालानं पुसलं, पुन्हा पांढरं. तोंडाची वाफ दिली तं अजून दाट. तेवढ्यात पक्षी उडाला. याईनं अंदाजानं बटन दाबलं.

स्नेहा: निदान डोळ्यांनी तरी पाहिला असेल.

चेतना: कुठला. डोळा काचेले चिकटलेला. गोविंदसिंगनं पाह्यला, त्याच्या बायकोनं, चंदाबाईनं पाह्यला, शेताच्या धुऱ्यावरच्या बकऱ्याईनं पाह्यला. ज्यानं एवढी धावपळ केली, तोच एकटा पाहाचा राह्यला.

स्नेहा: आणि फोटो?

चेतना: दुधात माशी पडल्यावानी. पांढऱ्यात एक काळा ठिपका. अमरावतीच्या पक्षीवाल्याईले पाठवला. ते मनले, कावळा असन. एक जन मनला, हवेत उडालेली थैली असन. पप्पाजीनं तं तो फोटो गल्ल्यावर काचेखाली लावला. गिऱ्हाईक आलं का सांगत, पोरगं कापसाचे फोटो काढते.

स्नेहा: पप्पांचा स्वभावच तो. दादाला मात्र लागलं असेल.

चेतना: कावळा मनलेलं लय लागलं. मंग वर्षभर या घरात दुसरा विषय नाई. दुकानातल्या साऱ्या नव्या बॅगीतून पुड्या काढल्या अन् कॅमेऱ्याजवळ ठेवल्या. कॅमेरा कोरडा राह्यला, बॅगीले बुरशी आली. एका नवरीची बॅग वापस आली. अन् आंघोळ झाली का बाथरूममधी वाफ कोंडून हे कॅमेरा घेऊन आत बसत.

स्नेहा: बाथरूममध्ये कॅमेरा?

चेतना: शिकायले. श्वास तोंडानं खाली सोडायचा, नाकानं सोडला का काचेवर जाते. डोळा काचेले चिकटवायचा नाई, जराशी फट ठेवायची. चष्म्याले साबन घासून कोरडा पुसायचा. अन् खरं कारन काय तं एसी. दुरूनच एसी बंद करून काचा उघडायच्या. कॅमेरा थैलीत घट बांधून ठेवायचा, बाहेरच्याएवढा गरम झाल्याबिगर थैली सोडायची नाई. मले सारं पाठ हाये आता. माही पोथी बी एवढी पाठ नाई.

स्नेहा: आई काही म्हणाली नाही का?

चेतना: त्याईचं वेगळंच. मनत, चातुर्मासात आपले साधू-महाराज बी एका जागी बसतात, पायाखाली जीव येऊ नये मून, अन् तू ओलं गवत तुडवत फिर. हे हसत. मी बी हसली, खोटं कायले बोलू.

स्नेहा: मग तो गाजलेला फोटो गेल्या वर्षीचा.

चेतना: व्हय. काचेवर वाफेचा कन नाई. पक्षी हवेत, पाय पोटाशी, डोक्यामांगचे ते तुरे एकएक मोजून घे. मले झोपेतून उठवून दाखवला. लग्नात बी एवढा खुश नवता हा मानूस. अन् त्याच दिवशी फोटो टाकला, खाली गावाचं नाव, माळाचं बी.

स्नेहा: नाव कशाला टाकायचं? गोविंदसिंगनं तर बजावलं होतं.

चेतना: कावळा मननाऱ्या लोकाईले पत्त्यासकट दाखवायचं होतं ना.

स्नेहा: अरे देवा.

चेतना: पह्यल्या रविवारी दोन गाड्या आल्या. मंग अकोल्याच्या, नागपूरच्या. गवतातून गाड्या घातल्या लोकाईनं. एकानं मोबाईलवर त्या पक्ष्याचा आवाज लावला, मोठा स्पीकर जोडून. पक्ष्याले वाटलं दुसरा नर आला, तो दिवसभर उड्या मारून मारून थकला. चंदाबाई हात जोडून सांगे, ते फोटो काढत राह्यले. तिचा बी काढला. नाशिकची बी एक गाडी होती मने.

स्नेहा: पांढरी होती का?

चेतना: मी नाई विचारलं.

स्नेहा: आमच्या खालच्या मजल्यावरचे गेले होते, वहिनी. येऊन मला थँक्यू म्हणाले.

चेतना: जाऊ दे. ते नसते तं दुसरे कोनी आले असते. पोळ्याच्या आधीच पक्षी दिसनं बंद झालं. गवत सारं आडवं. गोविंदसिंग मने, आता नांगर घालतो अन् सोयाबीन पेरतो, गवत राह्यलं कुठं. हे माफी मागायले गेले, मले बी नेलं. मले वाटलं तो शिव्या देईन. त्यानं बसायले खाट टाकली.

स्नेहा: काय बोलला?

चेतना: मनला, भाऊ, पह्यल्या सालचा फोटो लय चांगला होता तुमचा.

स्नेहा: एवढंच?

चेतना: एवढंच.  मंग हे थंडीभर तिकडेच. नांगर घालू नको मून त्याच्या हातापाया पडले, तो एक साल थांबतो मनला. बोरीचे काटे तोडून साऱ्या माळाले कुंपन केलं, हात सोलून निघाले. अन् दिसेल त्याले सांगू लागले का पक्षी गेला, आता येत नाई.

स्नेहा: आणि ते फोटोवाले? विसरले?

चेतना: विसरतात? अमरावतीच्या मंडळानं भाषनाले बोलावलं. पावसात कॅमेऱ्याची काच कशी साफ ठेवावी, यावर. गेले. एसी, पुड्या, श्वास, सारं सांगतलं, शाल घेऊन आले. जागा कोनती ते विचारलं तं मनले, आठवत नाई.

स्नेहा: आणि यंदा आला का पक्षी?

चेतना: मी रोज विचारते, हे रोज नाई मनतात. पन आठेक दिवसापासून नाई मनून दोन पोळ्या जास्त खातात.

(जिन्यावर चपलांचा आवाज. संयम आत येतो.)

संयम: स्नेहा, कधी आली तू?

स्नेहा: सकाळच्या गाडीनं. दादा, दिसला?

संयम: काय?

स्नेहा: तणमोर.

संयम: नाई.

चेतना: शर्टाचं पोट सारं चिखलानं भरलं हाये.

संयम: पाय घसरला.

स्नेहा: दादा, माझी चूक झाली. यावेळी मी कोणाला काही सांगणार नाही.

संयम: काहून नाई? सांगजो ना बाई, साऱ्याईले सांगजो. संयम रोज जाते, अन् त्याले काई दिसत नाई.