डाव्या सीटचा आवाज

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय इंद्रकुमारजी, व्यासपीठावरचे सर्व मान्यवर, जिला निरोप द्यायला आपण जमलो आहोत ती माझी मैत्रीण, निवृत्त परिचारिका प्रेमिला मेश्राम, तिला न्यायला पुण्याहून आलेला तिचा मुलगा प्रफुल्ल, आणि जिथवर पंख्याचा वारा पोहोचत नाही त्या मागच्या रांगेतल्या भगिनींनो,

मला थोडक्यात बोलायला सांगितलं आहे. निवृत्त बाईला सगळे हेच सांगतात.

प्रेमिलाच्या सेवेबद्दल आधीचे वक्ते भरभरून बोलले. मी माझ्या गाडीबद्दल बोलणार आहे. अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहू नये, विषय तोच आहे.

दर गुरुवारी आम्ही दोघी माझ्या जुन्या गाडीतून दवनीवाड्याला जायचो. प्रेमिला तिथल्या बायकांचं बीपी तपासायची, मी त्यांना बँकेचे कागद वाचून दाखवायची. चालवायची मी, डावीकडे बसायची ती. दिवाळीनंतर पुढच्या डाव्या चाकाकडून आवाज यायला लागला. गतिरोधक आला की टक्. खड्डा आला की टक् टक्.

"तुही गाडी बोलून राहिली वो," प्रेमिला म्हणाली.

"बोलू दे. घरी कोण बोलतंय माझ्याशी?" मी म्हणाले.

तरी गाडी खेमराजच्या गॅरेजमध्ये नेली. खेमराज फार सभ्य माणूस. बायका आल्या की स्वतः खुर्च्या पुसतो, पंखा त्यांच्याकडे वळवतो, चहा मागवतो. "मॅडम, तुम्ही दोघी आरामात बसा, मी चक्कर मारून येतो." आम्हाला कॉन्व्हेंटात सिस्टरांनी शिकवलेलं, कुणी आदरानं खुर्ची दिली तर बसावं. आम्ही बसलो. तो एकटा रेल्वे फाटकापर्यंत जाऊन आला. "आवाज तो बिलकूल नही है, मॅडम."

परत गेलो. परत खुर्च्या, परत चहा. त्यानं शॉकअप पाहिले, चाकं हलवून पाहिली, बोल्ट आवळले. आवाज नाही. शेवटी भीत भीत म्हणाला, "मॅडम, वयानं कानात होते असं कधीकधी."

"कान माझे मी बघीन. तू चाक बघ," मी म्हणाले.

पण बोलणारा तो एकटा कुठे होता? "एकटं राहिलं की असे आवाज येतात," असं एक बाई म्हणाल्या. त्या या सभागृहात आहेत. नाव घेत नाही, साडी हिरवी आहे.

त्या दिवशी घरी जाताना मी प्रेमिलाला विचारलं, "तुला तरी खरंच ऐकू येतो ना?"

"काऊन नाही येणार? मी काय बहिरी आहो?"

सगळा हिवाळा मी या उत्तरावर काढला.

मग तिचा गुडघा सुजला. गॅरेजच्या दारात खेमराज खुर्ची पुसून उभा, आणि ही गाडीतून हलेना. "मी नाही उतरत गा. गुडघा ठणकून राहिला. मले घेऊनच फिरव." तो लाजला, पण निघाला. फाटकापर्यंतही गेला नाही. परत आला तेव्हा चेहरा उतरला होता. "मॅडम, आवाज आहे."

पुढच्या चाकाजवळ लिंक रॉड नावाचा एक दांडा असतो. डावीकडच्या दांड्याचा सांधा झिजला होता. डाव्या सीटवर वजन आलं की तो वाजायचा, सीट रिकामी असली की गप्प. आणि खेमराज आमच्या मानापायी दर वेळी ती सीट रिकामी करून गाडी तपासत होता.

प्रफुल्ल, आता तुझ्याशी बोलते. तू सज्जन मुलगा आहेस, आईची काळजी घेशील, याबद्दल शंका नाही. पण मागच्या आठवड्यात तू म्हणालास, "आईला एकटीला इथं किती दिवस ठेवायचं?" तेव्हा मी तुझ्यासमोर बसले होते. तूच दिलेला चहा पीत होते. एकटी? ही? दर गुरुवारी त्या सीटवर कोण बसायचं आणि शेजारी कोण असायचं, हे एकदा विचारायचंस तरी. तूही सीट रिकामी धरूनच हिशेब केलास, बाळा.

नवा दांडा नागपूरहून आला आहे. खेमराज रोज फोन करतो. मी सोमवारी बसवून घेईन. रविवारी प्रेमिलाला स्टेशनवर मी सोडणार आहे, प्रफुल्ल, तू सामान घेऊन रिक्षानं ये. जाताना आवाज येईल. येताना येणार नाही.

मंडळानं मला बोलू दिलं, आपण ऐकून घेतलंत, सर्वांची आभारी आहे. बोलण्यात कुणाचा मान राखायचा राहिला असेल तर म्हातारीला क्षमा करा. हिरव्या साडीबद्दलचं मात्र मागे घेत नाही.

प्रेमिला, तू उठू नकोस. गाडी दारापर्यंत आणते.