दाजींचा नवा स्पीकर

मला सांगा, गाणं ऐकायला कान लागतात की नुसता स्पीकर? कात्रपला राहणाऱ्या माझ्या दाजींनी उल्हासनगर कॅम्प दोनमधून दणदणीत स्पीकर आणला आणि मला म्हणाले, "इंग्लिशमधलं काहीतरी भारी सुचव रे." मी माझं सगळ्यात आवडतं लाइव्ह रेकॉर्डिंग पाठवलं. एक रॉक गायक, भाऊ गेल्यावर त्याच्यासाठी स्वतः लिहिलेलं गाणं गिटारवर म्हणतोय. मध्येच त्याचा गळा दाटतो, तो थांबतो आणि समोरची पब्लिक गाणं पुढे नेते.

रविवारी त्यांच्याकडे जेवायला बसलो, तर दाजी तेच पाहुण्यांना ऐकवत होते. गायक थांबला तसं त्यांनी गाणं पुढे ढकललं. म्हणाले, "इथे विसरलाय बिचारा." पाहुणे हसले.

माझं डोकंच फिरलं. "विसरला नाही दाजी, रडतोय तो! मागे घ्या!"

ताईने त्यांच्या हातातून फोन हिसकावला आणि गाणं मागे घेतलं. सगळ्यांनी ते शेवटपर्यंत ऐकलं. गाणं संपल्यावर दाजी म्हणाले, "छान आहे. पण नीट पाठ करून म्हटलेलं असेल ना, ते पाठव."

मी भरल्या ताटावरून उठलो. आता त्यांना फक्त गुड मॉर्निंगचे फोटो पाठवतो.